सालीसकट

तीन आठवड्यांपूर्वीच्या बुधवारी, सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, तिच्या हातात तिच्या वडिलांचं तोंड आलं. चहा नुकताच पिऊन झाला होता. दवाखान्यांतून आलेले डबे उघडायचे, आतल्या ठशांत प्लास्टर ओतायचं, घट्ट झालं की साचा सोडवायचा आणि कडा तासायच्या, हे काम ती सतरा वर्षं करत होती. कवळ्या बनवायच्या कारखान्यात माणसं नावाने येत नाहीत. नावं डॉक्टरांकडे राहतात, इथे येतो तो नुसता नंबर आणि त्या नंबरचं तोंड. चारशे बारा नंबरचा साचा तिने सोडवला, सवयीने अंगठा टाळूवरून फिरवला, आणि अंगठा मध्येच थांबला. टाळूच्या मधोमध हाडाचा लांबट उंचवटा होता. डावीकडे, मागच्या हिरडीत, करंगळीचं टोक बसेल एवढा खळगा. असा खळगा जगात हजार लोकांना असेल, असं तिने स्वतःला बजावलं, खालचा साचा उचलला, आणि तिथल्या तिथे स्टुलावर बसली. शेजारच्या टेबलावरच्या पॉलिशवाल्याने मान वर केली. "काय झालं? फुटला का?" "नाही," ती म्हणाली, "अख्खा आहे."

डब्यात डॉक्टरची चिठ्ठी होती. हा डॉक्टर त्यांचा नेहमीचा नव्हता. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून जावं लागेल अशा ठिकाणी त्याचा दवाखाना, आणि गेल्या महिन्यापासून तो इकडे काम पाठवायला लागला होता. बिचाऱ्या बाबांना काय ठाऊक! लपवायचं म्हणून माणूस गाव ओलांडून गेला, आणि फिरून लेकीच्याच टेबलावर येऊन पडला. चिठ्ठीत बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'दिसायला कसेही चालतील, चावता आलं पाहिजे, असं रुग्णाचं म्हणणं. आधीची कवळी उंच आहे, हिरडीला जखमा. ती कुणी केली ते विचारलं, सांगत नाहीत.' ते शेवटचं वाक्य तिने दोनदा वाचलं. रागावून कुणी नाव घेतलं असतं तर सोसवलं असतं. पण सांगत नाहीत, म्हणे.

आणि आज रविवार होता. दर रविवारी संध्याकाळी सातला बाबा जेवायला येत, तसे आजही येणार होते. ओट्यावर सहा सफरचंदं, दोन संत्री, साखरेचा डबा आणि एक पातेलं घेऊन ती पंधरा मिनिटं नुसती उभी होती. हातात सुरी होती. प्रश्न म्हटला तर एवढासाच होता, सफरचंदाची साल काढायची की नाही. साल काढली तर फोडी करायच्या, थोडं पाणी, साखर आणि दालचिनीचा तुकडा घालून मंद आचेवर ठेवायच्या, चमचा आरपार जाईपर्यंत. साडेतीन वर्षं दर रविवारी ती हेच करत आली होती. ठकी, तिची दहा वर्षांची मुलगी, त्याला बाळांचं खाणं म्हणायची आणि नाक मुरडून दोन चमचे खायची. बाबा मात्र वाटी पुसून घ्यायचे आणि म्हणायचे, "एकदम झकास." गेले तीन रविवार चारशे बारा नंबरचं काम तिच्या टेबलावर चालू होतं आणि चारशे बारा नंबर तिच्या समोर बसून उकडलेलं सफरचंद गिळत होता, आणि दोघंही पावसापाण्याचं बोलत होती.

तिने पहिलं सफरचंद उचललं, देठापासून साल काढायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर थांबली. सालीची पट्टी लोंबत राहिली. आई असती तर हातातून सुरी काढून घेतली असती. आईला साल काढलेलं सफरचंद म्हणजे माणसाला उघडं करून बाहेर उभं करण्यासारखं वाटे. तिची पद्धत साधी होती. सफरचंदाच्या सालीसकट पातळ चकत्या करायच्या, वर संत्र्याचा रस पिळायचा, चमचाभर साखर, चिमूटभर मीठ, आणि काचेचं भांडं ताटलीने झाकून अर्धा तास विसरून जायचं. जेवणं झाली की ते भांडं मधोमध यायचं, आणि मग बाबांचा आवाज सुरू व्हायचा. करकर, करकर. त्या माणसाला हळू चावणं ठाऊकच नव्हतं. "हळू खा हो," आई दर वेळी म्हणायची, "पलीकडच्यांना वाटेल, भिंत पोखरतंय कुणी." "वाटू दे," असं म्हणून बाबा आणखी जोरात चावायचे. लहानपणी ही तिला अगदी रोजची, कंटाळवाणी गंमत वाटायची. आई गेल्यावर पहिल्यांदा ज्या गोष्टीने तिचा धीर सुटला ती आईची साडी नव्हती की चष्मा नव्हता. एका रविवारी जेवण झालं आणि कसलाही आवाज आला नाही, तेव्हा ती मोरीत जाऊन रडली होती.

कारण आईपाठोपाठ बाबांचे दातही गेले होते. आधीच पाच-सहाच उरले होते, ते दोन महिन्यांत हलले आणि काढावे लागले. दात गेले की चेहरा आखूड होतो, नाक आणि हनुवटी एकमेकांची चौकशी करायला निघतात, हे तिने शेकडो साच्यांत पाहिलं होतं आणि त्यात तिला कधी काही वाटलं नव्हतं. पण बाबा दार उघडून उभे राहिले आणि तिला ते ओळखूच आले नाहीत. कुणी तरी म्हातारा त्यांचा शर्ट घालून उभा आहे, असं वाटलं. कवळी मीच करणार, ती म्हणाली. नेहमीच्या डॉक्टरने माप घेऊन दिलं, दोन जबड्यांत किती अंतर हवं ते मेणात नोंदवून दिलं, आणि तिने काय करावं? त्यात आणखी दोन मिलिमीटर घातले. दोनच. कुणाला दिसणारही नाहीत एवढे. पण तेवढ्याने गाल भरले, ओठाजवळच्या सुरकुत्या ताणल्या गेल्या, आणि आरशात बघून बाबा म्हणाले, "अरेच्चा! हा कोण तरुण?" त्या दिवशी ती सगळ्या वाटेने गाणं गुणगुणत घरी आली होती. सतरा वर्षांत तिने कुणाच्याही बाबतीत असला आगाऊपणा केला नव्हता. तो केला नेमका बापाच्या तोंडात.

दुखतंय म्हणून ते तीनदा आले. तीनदा तिने इथे घास, तिथे घास केलं. उंचीला मात्र हात लावला नाही, लावता आला नाही. चौथ्यांदा काही त्यांनी तक्रार केली नाही. बोलताना मागचे दात एकमेकांवर आपटून टक व्हायचं, ते तिला ऐकू यायचं, पण म्हातारपणी आवाज येतातच, म्हणून तिने ते सोडून दिलं. कारखान्यात दुसऱ्या कुणाची कवळी असा आवाज करती तर तिने ती परत मागवून घेतली असती.

आणि हे सगळं केलं कुणाच्या लेकीने? शिंप्याच्या. बाबांनी छत्तीस वर्षं दुकान चालवलं, जेमतेम एका माणसाला वळता येईल एवढं. शाळेतून सुटल्यावर ती तिथे काजं करायला बसायची. "माणूस मापाला उभा राहिला की पोट आत ओढतो," बाबा सांगायचे. "प्रत्येक जण. ते माप घेतलंस तर मेलीस. गप्पा मारायच्या, हसवायचं. हसला की पोट सुटतं. तेव्हा टेप ओढायची." आणि खरंच, त्यांच्या दुकानात हसण्याचे आवाज असायचे, आणि त्यांच्या पँटी कुणाला कधी रुतल्या नाहीत. तोंडात टाचण्या, गळ्यात टेप, आणि दोरा तोडायला कात्री म्हणून कधी घेतली नाही. उजवीकडच्या वरच्या पुढच्या दाताने पटकन तोडायचे. छत्तीस वर्षांत त्या दाताला दोऱ्याने खाच पाडली होती, तांदळाच्या कणीएवढी. हसले की ती खाच आधी दिसायची. आईच्या मते बाबांच्या तोंडात खरं बोलणारी तेवढी एकच जागा होती. पहिल्या कवळीत तिने तो दात एकसारखा, गुळगुळीत बसवला होता. खाच कशाला, असं वाटलं होतं. साडेतीन वर्षं तिने बापाला पोट आत ओढून उभं करून ठेवलं होतं, आणि तो बिचारा उभा राहिला होता.

"सफरचंदाशी काय बोलतेस?" नवरा दारात येऊन म्हणाला. तो लोकांना मोटार चालवायला शिकवायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबून दाबून घरातही त्याचा उजवा पाय जरा पुढेच असे. त्याला तिने पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. "अजून ठरत नाहीये का? अगं, विचार ना सरळ."

"काय विचारू? बाबा, तुमचं तोंड माझ्याकडे आलंय, असं?"

"मग नको विचारूस. उकड आपली नेहमीसारखी."

हेच तर होतं. नेहमीसारखं उकडलं की सगळं नेहमीसारखं चालणार. काल, शनिवारी, डॉक्टरने त्यांना नवी कवळी दिली असणार. घरी ते नवी वापरतील, फुटाणे खातील, पेरू खातील, आणि रविवारी लेकीकडे येताना खिशात ठेवून जुनी चढवतील. ती उकडत राहील, ते गिळत राहतील, झकास म्हणत राहतील. एक दिवस दोघांपैकी कुणी तरी उरणार नाही, आणि मग हे कुणाला सांगायचं? आणि सालीसकट कापलं तर? मला कळलंय, असं तोंडावर सांगितल्यासारखं होईल. चोरी पकडल्यासारखे ते ओशाळतील, आणि म्हाताऱ्या माणसाने जेवायच्या टेबलावर मान खाली घालावी हे तिच्याने बघवलं नसतं. मायेने का होईना, पण त्यांनी तिच्यापासून लपवलं होतं, आणि तेवढं लपवायचा हक्क त्यांना होता की नाही?

पण मग तिला परवाचा शुक्रवार आठवला. काम पुरं झालं होतं. या वेळी तिने उंची जशी लिहिली होती तशी ठेवली, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. मेणात दात बसवताना प्लास्टरच्या त्या तोंडावर हळूहळू जो चेहरा उभा राहिला तो म्हाताऱ्याचा होता, ओठ आत गेलेला, हनुवटी जरा वर. तिने तो बराच वेळ पाहिला. असे दिसता तर तुम्ही, ती मनात म्हणाली, आणि तिला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. उलट जवळचं वाटलं. मग सगळे डबा खायला उठल्यावर तिने सगळ्यात बारीक कानस घेतली आणि उजवीकडच्या वरच्या पुढच्या दाताला खाच पाडली, तांदळाच्या कणीएवढी. काम बाहेर जाण्याआधी मालक स्वतः भिंगातून बघत. "हे काय? टवका उडालाय."

"नाही. मुद्दाम केलाय. त्यांना तशीच खाच होती."

"डॉक्टरने लिहिलंय?"

"नाही."

"मग कुणी सांगितलं?"

"मला माहीत आहे," ती म्हणाली. मालकांनी भिंगावरून तिच्याकडे पाहिलं. एरवी नखाएवढ्या चुकीसाठी अख्खं काम परत पाठवणारा तो माणूस कवळी डब्यात ठेवून निघून गेला.

म्हणजे सांगायचं ते सांगून झालंच होतं की! मग आता सालीशी काय भांडायचं? तिने लोंबती पट्टी तोडून तोंडात टाकली आणि चकत्या करायला लागली. सालीसकट, पातळ, आई करायची तशा. संत्री पिळली, साखर घातली, मीठ घातलं, काचेचं भांडं ताटलीने झाकलं. पातेलं मात्र आत ठेवलं नाही. असू दे हाताशी, म्हटलं.

सातला पाच कमी असताना बेल वाजली. ठकीने दार उघडलं. "काय गं ठकूबाई, टक, मोठी झालीस की एका आठवड्यात, टक." ती स्वयंपाकघरात होती. तिथूनच तिला कळलं, जुनी घालून आले. तिला एकदम रडू फुटेल असं झालं. शनिवारी मिळालेलं सुख खिशात घालून हा माणूस तिच्यासाठी पुन्हा जखमा करून घ्यायला आला होता, आणि तिने त्याच्यापुढे ठेवायला कच्ची सफरचंदं चिरली होती. छळवाद नुसता! तिने ताटली उचलली, निम्म्या चकत्या भराभर पातेल्यात ओतल्या, गॅसपाशी उभी राहिली आणि काडी ओढली. वीस मिनिटांत होतील मऊ. रंग बिघडेल, बिघडू दे.

"हे घे," मागून बाबा आले. त्यांच्या हातात ठकीचा निळा फ्रॉक होता. मागच्या रविवारी बटण तुटलं म्हणून घेऊन गेले होते. "बटण लावलंय. टक." फ्रॉक ओट्यावर ठेवताना त्यांची नजर काचेच्या भांड्यावर गेली. लाल सालीच्या चकत्या संत्र्याच्या रसात पडल्या होत्या. ते बघत राहिले. मग पातेल्याकडे पाहिलं, त्यातही तेच. मग तिच्या हातातल्या जळत्या काडीकडे. ती काडी तिच्या बोटापर्यंत आली तेव्हा तिने ती फुंकली. "हात धुऊन येतो," बाबा म्हणाले आणि गेले.

ती पाठमोरीच उभी होती. बाहेर नवरा ताटं मांडत होता आणि ठकी चमच्यांनी काही तरी वाजवत होती. नळाचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. मग पावलं आली.

"काल हे बटण लावत होतो," मागून बाबांचा आवाज म्हणाला. आवाजात टक नव्हती. 'स' स्वच्छ, 'श' स्वच्छ, साडेतीन वर्षांपूर्वी होता तसा आवाज. "शेवटची गाठ मारली. कात्री शोधायचा कंटाळा आला. दोरा धरला तोंडात, सवयीने. इतक्या दिवसांत कधी तुटला नव्हता. काल तुटला. पटकन. मला वाटलं, दात फुटला. आरशात बघतो तर खाच. आता मला सांग पोरी, डॉक्टरला कुठून कळलं?"

ती वळली. शुक्रवारी प्लास्टरवर पाहिलेला तो चेहरा समोर उभा होता, आखूड, सुरकुतलेला, आणि अगदी बाबांचा.

"दुखत होतं तर सांगायचं नाही का?" ती म्हणाली आणि रडायला लागली.

"सांगितलं की तीनदा. तिसऱ्यांदा तू तोंड एवढंसं केलंस. म्हटलं, आई गेल्यापासून एवढी एकच गोष्ट नीट बसलीय असं वाटतंय पोरीला. कशाला मोडा?"

"आणि आजसुद्धा ती घालून आलात! खाच बघूनसुद्धा?"

"तू मला कळू देण्यासाठी केलीस की नुसतं राहवलं नाही म्हणून केलीस, ते कसं समजावं? खिशात दोन्ही घेऊन फिरतोय सकाळपासून. चोरासारखा." ते हसले. खाच आधी दिसली. "मग भांडं पाहिलं."

"मी तुमचं माप चुकवलं, बाबा."

"चुकवलं नाहीस. जुनं घेतलंस," बाबा म्हणाले. "गिऱ्हाईक लाडकं असलं की होतं असं. माझंही व्हायचं. तुझ्या आईचे ब्लाउज कायम घट्ट." आणि त्यांनी पातेलं उचललं, त्यातल्या चकत्या बोटांनी पुन्हा काचेच्या भांड्यात लोटल्या, रस सांडला, बोटं शर्टाला पुसली आणि भांडं घेऊन बाहेर गेले.

जेवणात कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. नवरा एकदा बाबांकडे, एकदा तिच्याकडे बघत होता आणि टेबलाखाली त्याचा पाय ब्रेकवर होता. ठकीला मात्र दम निघेना. "आजोबा, आज तुम्ही छोटे दिसताय," ती म्हणाली.

"मी छोटाच आहे. तुझ्या आईने मध्यंतरी मोठा करून ठेवला होता."

मग ताटं बाजूला झाली आणि काचेचं भांडं मधोमध आलं. बाबांनी वाटीत घेतलं नाही. सगळ्यात जाड चकती बोटांनी उचलली, सालीसकट, उजेडात धरून पाहिली आणि तोंडात टाकली. क्षणभर काहीच झालं नाही. मग आवाज आला. करकर. ठकी डोळे मोठे करून बघायला लागली. दुसरी चकती, तिसरी. करकर, करकर. त्यांनी झकास म्हटलं नाही. नुसते चावत राहिले, डोळे मिटून. ती समोर बसून ऐकत होती, आणि काही ठरवण्याआधी तिच्या तोंडून निघून गेलं, "हळू खा हो. पलीकडच्यांना वाटेल, भिंत पोखरतंय कुणी."

बाबांचं चावणं थांबलं. त्यांनी डोळे उघडले आणि तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग भांडं स्वतःकडे ओढून घेतलं.

"वाटू दे," ते म्हणाले, आणि आणखी जोरात चावायला लागले.